पाच घरांचा एकच गडी

माझ्या खालच्या मजल्यावर एक बसचालक राहतो. त्याला सगळे स्टेपनी म्हणतात. त्याला राग येत नाही. डेपोत तो राखीव चालक आहे. कुणाला ताप आला, कुणाची पाठ धरली, की याला बोलावणं येतं. तोवर तो विश्रांतीच्या खोलीत बाकावर बसून असतो. शहरातले सगळे मार्ग त्याला पाठ आहेत. त्यातला एकही त्याचा नाही.

"गाडी पंक्चर झाल्याशिवाय माझी आठवण येत नाही कुणाला," असं तो स्वतःच सांगतो आणि स्वतःच आधी हसतो.

वय पन्नाशीच्या आसपास. एकटाच राहतो. खोलीत एक पलंग, एक टीव्ही, एक खुर्ची. मी गेले की खुर्ची मला, तो पलंगावर. बस हळू थांबवण्यासाठी तो डेपोत प्रसिद्ध आहे. थांबा यायच्या बराच आधीपासून तो वेग उतरवत आणतो, उभ्या म्हाताऱ्यांचा तोल जाऊ नये म्हणून. मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात. डेपोतले म्हणतात, हा गाडी थांबवत नाही, झोपवतो.

मी साहित्याची पदवी घेतली आणि आता एका छापखान्यात मुद्रितं तपासते. तो मला 'पदवी' म्हणतो. "काय पदवी, जेवलीस का?" आता सगळी इमारत तेच म्हणते.

डेपोत एकदा कुणीतरी गेम खेळायचं मशीन आणून टीव्हीला जोडलं होतं. सगळे गाड्या उडवायचा खेळ खेळत होते. स्टेपनीला गाड्या नको होत्या. "दिवसभर तेच करतो की." मग त्याला दुसरा खेळ लावून दिला. त्यात एक खेडं होतं, एक नदी, एक घोडा आणि शेतावरचा एक तरुण गडी. स्टेपनीने गड्याला घोड्यावर बसवलं, नदीपर्यंत नेलं आणि तिथे थांबवलं. तेवढ्यात त्याची ड्युटी लागली.

"तिथे कुणी घंटा वाजवत नव्हतं, पदवी," तो मला म्हणाला. "कुणी चढत नव्हतं, कुणी उतरत नव्हतं. नुसतं पाणी वाहत होतं."

त्याने मशीन घ्यायचं ठरवलं. पैसे साठवले. पण तो दुकानात पोचायचा तेव्हा किंमत त्याच्या पुढे निघून गेलेली असायची. एकदा तो मलाही सोबत घेऊन गेला.

"मागच्या महिन्यात यायला हवं होतं, साहेब," दुकानदार म्हणाला.

"मागच्या महिन्यात आलो होतो. तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात."

"मग त्याच्या मागच्या महिन्यात."

"अहो, पण हे जुनं मॉडेल ना? जुनं झालं की वस्तू स्वस्त होते."

"फ्रिज होतो. टीव्ही होतो. हे नाही होत." दुकानदार स्वतःच बुचकळ्यात पडलेला दिसत होता. "आतले भाग महागलेत म्हणे. मला कोण सांगतंय? कंपनी फक्त नव्या किमतीचं लेबल पाठवते. मी ते जुन्यावर चिकटवतो."

खरंच, खोक्यावरचा लेबलांचा थर नखाने उचलता येईल इतका जाड झाला होता.

"बरं, यात तो घोड्याचा खेळ असेल ना?"

"खेळ वेगळा घ्यावा लागतो."

स्टेपनी माझ्याकडे वळला. "म्हणजे बस घ्यायची आणि चाकं वेगळी."

"चाकंही वाढलीत," दुकानदार म्हणाला.

आम्ही परत आलो. स्टेपनी इमारतीच्या दाराशी थांबला. वर पाहिलं. आमची इमारत अरुंद आहे. एका मजल्यावर एकच घर, अशी एकावर एक पाच घरं.

"पदवी, एवढं महाग झालंय म्हणजे ते एका माणसासाठी बनवतच नसणार," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी तो दारोदार फिरला. मी मागे मागे.

तळमजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर आणि काकू राहतात. पोस्टमास्तरांनी चष्मा कपाळावर ढकलला. "खेळणं? या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय, ते तुम्हाला आधीच म्हणतात," काकू आतून म्हणाल्या. "आमचा वाटा धर रे स्टेपनी. दिवसभर माझ्या मागे मागे फिरण्यापेक्षा हे त्या गड्याच्या मागे फिरतील."

चौथ्या मजल्यावर नर्स राहते. तिच्या जुळ्या मुलींनी तिला बोलूच दिलं नाही. दोघी एकदम हो म्हणाल्या.

तिसऱ्या मजल्यावर टाचणीताई. त्या कपडे उसवून नीट बेतून देतात. सैल पँट, घट्ट झालेला कोट, लांब बाह्या. काम करताना टाचण्या तोंडात धरतात, आणि काम दिवसभर असतं. त्यामुळे त्या बोलत नाहीत. मान हलवतात. स्टेपनी त्यांच्या दाराच्या चौकटीत उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. मशीन, खेळ, घोडा, नदी. टाचणीताईंनी एकेक टाचणी काढून उशीला टोचली.

"त्यात शिवायचं काही आहे का?"

"नाही."

"मग घ्या."

आणि टाचण्या परत तोंडात.

अशी वर्गणी जमली आणि खेळासकट मशीन आलं. दर रविवारी सकाळी ते पुढच्या घरी जायचं. तळमजल्यावरून स्टेपनीकडे, तिथून माझ्याकडे, मग टाचणीताई, मग नर्स, आणि मग थेट खाली पोस्टमास्तरांकडे. नेआण करायचं काम स्टेपनीने स्वतःकडेच ठेवलं. कपड्यांच्या टोपलीत खाली चादर, वर मशीन, त्यावर दुसरी चादर. जिन्यात तो असा चालायचा की टोपलीत कुणी झोपलंय असं वाटावं.

खेळाची सुरुवात पोस्टमास्तरांनी करून दिली, कारण पडद्यावर एक अर्ज भरायचा होता आणि अर्ज म्हटलं की ते कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांनी एक गडी तयार केला. आम्हाला वाटलं, एका मशीनमध्ये एकच गडी असतो. त्यामुळे झालं असं, की एका घराने जिथे सोडलं तिथून पुढचं घर उचलायचं. गडी एक, घरं पाच.

असा गडी जगात दुसरा नसेल. पोस्टमास्तरांच्या आठवड्यात तो सारखा टपालपेटी उघडून बघायचा. काकूंच्या हातात आला की कोंबड्यांना दाणे घालायचा, एवढे की कोंबड्यांना चालवेना. स्टेपनी त्याला घोड्यावर बसवून गावभर फिरवायचा. प्रत्येक घरासमोर घोडा हळू करायचा, थांबायचा, मग पुढे. माझ्या हातात तो गावातल्या सगळ्या पाट्या वाचायचा. टाचणीताई त्याचे कपडे बदलायच्या. त्याला कुठल्या शर्टावर कुठली पँट शोभते हे ठरल्याशिवाय शेतावर जाऊ द्यायच्या नाहीत. नर्स त्याला आधी झोपवायची. "किती दमलाय बिचारा. पाच घरची कामं." आई झोपली की जुळ्या त्याला उठवून मासे पकडायला न्यायच्या.

जिन्यात भेटलो की आम्ही एकमेकांना विचारायचो, "गडी कसा आहे?"

"बरा आहे. काल गायीने लाथ मारली."

"अगंबाई!"

मग मला एक शोध लागला. मशीनमध्ये चाळता चाळता दिसलं की प्रत्येक घराला आपला वेगळा गडी ठेवता येतो. हवे तेवढे. मी धावत खाली गेले आणि स्टेपनीला सांगितलं. तो आनंदाने उडेल असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा उतरला.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"का? प्रत्येकाला आपापला मिळेल की."

"आपापला नकोय, पदवी."

मला कळलं नाही. कळलं ते माझ्या पुढच्या पाळीच्या वेळी.

गड्याच्या घरात खिडकीजवळ एक लाकडी टेबल होतं. त्यावर एक भोपळा ठेवलेला होता. मोठा, नारिंगी, बाजारात चांगला भाव येईल असा. मी स्टेपनीला हाक मारून विचारलं, "दादा, भोपळा विकू का?"

"राहू दे," तो खालून म्हणाला. "वर लागेल."

माझ्या वर टाचणीताई.

पुढच्या फेरीत मी मुद्दाम त्याच्याकडे गेले. रविवार होता, मशीन नुकतंच त्याच्याकडे आलं होतं. त्याने टीव्ही लावला. गड्याला ना घोड्याकडे नेलं ना शेताकडे. सरळ टेबलाकडे नेलं. टेबलावर दोन अंडी होती. एक पांढरं, एक तपकिरी. स्टेपनी हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवून बघत बसला.

"वरून आलंय," तो म्हणाला.

मी साहित्य शिकले. प्रेमपत्रं पुष्कळ वाचली, काहींवर परीक्षाही दिली. भोपळ्याचं उत्तर अंड्यांनी दिलेलं मी कुठे वाचलं नव्हतं.

मग मी लक्ष देऊ लागले. कधी शिंपला, कधी मधाची बाटली, कधी नुसतं एक पीस. त्याचं काही माझ्याकडून वर जायचं. त्यांचं काही नर्स आणि पोस्टमास्तर यांच्या घरांतून खाली यायचं. तो टेबलावरून ते उचलायचा आणि गड्याच्या कपाटात ठेवायचा. एकही वस्तू त्याने विकली नव्हती. आणि जिन्यात? जिन्यात काही नाही. मी टाचणीताईंच्या दाराशी उभी राहून पाहिलं आहे. तो टोपली द्यायचा.

"वायरी आहेत ना सगळ्या?"

मान हलायची.

"बरं."

झालं. सगळी इमारत त्यांना ताई म्हणते. पोस्टमास्तरसुद्धा म्हणतात, त्यांच्याहून थोरले असून. स्टेपनी त्यांना काहीच म्हणत नाही. ताई तर नाहीच नाही.

"दादा, एकदा बोल ना त्यांच्याशी," मी म्हटलं.

"काय बोलू?"

"भोपळ्याबद्दल बोल."

"भोपळ्याबद्दल भोपळा बोलला की," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मला बोलता येत नाही गं. तिथे मला वेळ मिळतो. आठवडाभर विचार करतो, मग काहीतरी ठेवतो. तोंडाने बोलायचं तर लगेच बोलावं लागतं."

या टेबलाशिवाय त्याच्याकडे दुसरा रस्ता नव्हता. हे मला कळलं, आणि नेमकं त्याच सुमारास पोस्टमास्तर दुकानावरून आले.

ते जिन्यातूनच ओरडत आले. "किंमत पुन्हा वाढली! आणि ऐका, ऐका तर! जुनं मशीनसुद्धा आता आपण घेतलं त्याच्यापेक्षा जास्तीला जातंय! वापरलेलं! दुकानदार म्हणाला, आणा, आत्ता घेतो!"

त्यांना मी इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. "आयुष्यभर मी जे विकत घेतलं त्याचा भाव दुकानाबाहेर पडताच पडला. सायकल पडली, रेडिओ पडला. पहिल्यांदा काहीतरी चढलंय!"

स्टेपनी आपल्या दारात उभा होता. हातात इस्त्री केलेला युनिफॉर्मचा निळा शर्ट. "विकायचं?" तो म्हणाला.

"अर्थात! आठवडा संपला की रविवारी माझ्याकडे जमू. सगळ्यांनी या."

तो आठवडा पोस्टमास्तरांचा होता. स्टेपनी रोज ड्युटीवर गेला. एकदा, कधी नव्हे ते, त्याने थांबा चुकवला. प्रवाशांनी आरडाओरडा केल्यावर पुढे जाऊन थांबला. हे त्यानेच मला सांगितलं आणि या वेळी हसला नाही.

"तू नाही म्हण ना," मी म्हटलं. "पाचातला एक वाटा तुझा आहे."

"आणि कारण काय सांगू? घोडा फिरवायचाय? सगळ्यांच्या पैशाचा प्रश्न आहे."

"मग त्यांना सांग."

"कुणाला?"

मी वर बोट दाखवलं. तो शर्टाची बटणं लावायला लागला. वरचं बटण खालच्या काजात गेलं.

रविवारी आम्ही सगळे पोस्टमास्तरांच्या पुढच्या खोलीत जमलो. काकूंनी चहा केला. नर्स रात्रपाळी करून आली होती, भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. जुळ्या जमिनीवर. टाचणीताई दाराजवळच्या स्टुलावर. गळ्यात मोजायची टेप तशीच. स्टेपनी खिडकीपाशी उभा.

पोस्टमास्तर घसा खाकरून म्हणाले, "विक्रीचं बोलण्याआधी एक आनंदाची बातमी. गड्याचं लग्न लावून दिलं."

नर्सचे डोळे उघडले. "काय?"

"लग्न. मंगळवारी. बेकरीवाल्याच्या मुलीशी. गुणी मुलगी आहे. पहाटे उठते."

"आम्हाला न विचारता?"

"तू ड्युटीवर होतीस."

"पण आम्हाला मासेवाली आवडायची!" जुळ्या किंचाळल्या. "काका, त्याची मासेवालीशी मैत्री होती!"

"मैत्री वेगळी, संसार वेगळा."

"आणि लग्नात घातलं काय त्याने?" टाचणीताईंनी विचारलं. टाचण्या नसल्या की त्यांचा आवाज चांगला खणखणीत आहे, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं.

"जे अंगावर होतं ते."

"चिखलाचे बूट?"

"बुटांकडे कोण बघतं ताई? तर मुद्दा असा," पोस्टमास्तर पुढे म्हणाले, "शेत झालं, गुरंढोरं झाली, आता लग्न झालं. पोरगा मार्गी लागला. खेळ संपला. मशीनला भाव आहे तोवर विकून टाकू आणि वाटे करू. पण आधी सून बघून घ्या."

त्यांनी टीव्ही लावला. गड्याचं घर आलं. मधोमध एक भलामोठा पलंग. शेजारी टोपी घातलेली एक मुलगी हसत उभी. जुळ्यांनी तिला नाकं मुरडली.

"टेबल कुठे आहे?" स्टेपनी म्हणाला.

"कसलं टेबल?"

"खिडकीजवळचं."

"ते होय? विकलं. पलंग बसेना."

स्टेपनी खिडकीपासून पुढे आला. एवढा मोठा माणूस, पण त्याचा आवाज बारीक झाला होता. "त्याच्यावर काही होतं का?"

"असेल काहीतरी. हां, लोकर होती. लोकरीचा गुंडा. त्याचं काय? तोही विकला."

"लोकर," स्टेपनी म्हणाला. तो पलंगाकडेच बघत होता. "कोणत्या रंगाची?"

"आता रंग कोण लक्षात ठेवतो!"

"निळी," टाचणीताई म्हणाल्या.

काकूंच्या हातात चहाची किटली तशीच तिरकी राहिली.

"मला वाटलंच होतं," स्टेपनी म्हणाला. पडद्याकडे न बघता. त्यांच्याकडे बघून. "युनिफॉर्मचा रंग."

त्यांनी मान हलवली.

"आई," जुळ्यांतली एक म्हणाली, "तूच सांगितलं होतंस ना, टेबलाला हात लावायचा नाही म्हणून? ते या दोघांचं आहे म्हणून?"

नर्सने तिला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. मी थक्क होऊन नर्सकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"मग? अंडी ठेवली तेव्हापासून. तुला?"

"भोपळ्यापासून."

"मला दुसऱ्या फेरीलाच कळलं," काकू किटली सरळ करत म्हणाल्या. "मी कोंबड्यांना दाणे घालायला जायची ना, तेव्हा खिडकीतून दिसायचं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?" पोस्टमास्तर म्हणाले.

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही घरोघरी पोचवलं असतं. सवयच तशी."

पोस्टमास्तर खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं.

"माझ्या हातून," ते म्हणाले, "नोकरीत कधी एक पार्सल गहाळ झालं नाही. पत्ता पुसलेली पार्सलं मी पोचवलीत. आणि हे माझ्या घरातून जात होतं, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी ते विकलं."

"जाऊ द्या काका," स्टेपनी म्हणाला.

"काय जाऊ द्या? ते मिळालंच पाहिजे. दे तो रिमोट इकडे."

त्यांनी गड्याला पळवलं. नवी नवरी दारात हात हलवत राहिली. गडी गावातल्या दुकानात शिरला. टेबल तिथेच होतं. लोकरही होती. निळी. पोस्टमास्तरांनी किमतीकडे पाहिलं आणि उभेच राहिले.

"मी विकलं तेव्हा निम्मीसुद्धा नव्हती!"

"इथेही?" स्टेपनी म्हणाला.

आणि आम्ही सगळे जे हसायला लागलो ते थांबेचना. नर्स भिंतीवरून घसरली. काकूंनी पदर तोंडाला लावला. स्टेपनी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून हसत होता. पोस्टमास्तर एकटे हसत नव्हते. ते घामाघूम होऊन गड्याचे बटाटे विकत होते. मग मध विकला. मग जुळ्यांचे मासे विकले, त्यांनी ओरडून निषेध केला तरी. मग गड्याच्या सगळ्या टोप्या. शेवटी जमलं. टेबल खिडकीशी परत आलं, पलंग भिंतीला गेला. लोकर टेबलावर ठेवून पोस्टमास्तरांनी कंट्रोलर खाली ठेवला.

"पोच झाली," ते म्हणाले.

"मग विकायचं काय ठरलं?" नर्सने विचारलं. तिला झोप येत होती, पण घरी जायचं नव्हतं.

स्टेपनीने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मला त्याला ढकलावंसं वाटलं.

टाचणीताई स्टुलावरून उठल्या. गळ्यातली टेप काढून हातावर गुंडाळली. "मी माझा वाटा विकणार नाही," त्या म्हणाल्या. "आणि यांचाही नाही."

यांचाही. काकूंनी माझ्या दंडाला धरलं. स्टेपनीने आपल्या मागे दुसरं कुणी उभं आहे का ते वळून पाहिलं. मागे फक्त खिडकी होती.

"माझाही नाही," तो म्हणाला. "म्हणजे, त्या म्हणतात तसंच."

"आमचाही नाही," जुळ्या म्हणाल्या.

पोस्टमास्तरांनी हात वर केले. "मग ठरलं. भाव चढू दे आकाशाला."

स्टेपनीने टोपलीत चादर अंथरली. मशीन ठेवलं. नेहमीसारखं अलगद. वायरी गुंडाळायला लागला तेव्हा टाचणीताई पुढे आल्या.

"वायरी मी घेते."

"जड नाहीत हो."

"माहीत आहे."

जिन्यात तो पुढे, टोपली घेऊन. मागे त्या, वायरी घेऊन. त्यांच्या मागे मी, हात रिकामे. स्टेपनीच्या मजल्यावर तो थांबला. त्यांनी पुढे वर जायला हवं होतं. त्या गेल्या नाहीत. त्याने कुलूप काढलं. किल्ली दोनदा चुकली.

"आत खुर्ची एकच आहे," तो म्हणाला.

"मग काय झालं? मी दिवसभर स्टुलावरच बसते."

मी वर गेले. जाताना माझ्याकडे दोघांपैकी कुणीच पाहिलं नाही. मला फार बरं वाटलं.

पुढच्या रविवारी माझी पाळी. मी सकाळी टीव्हीपुढची जागा पुसून ठेवली आणि दार उघडं टाकून बसले. टोपली येईना. बराच वेळ गेला. शेवटी मी खाली उतरले. दार वाजवायला हात वर केला आणि आतून आवाज आले.

"डावीकडे घ्या."

"घेतोय."

"कधी? वाट संपली."

"मागून गाय येतेय. तिला आधी जाऊ दे."

"गायीने काय तिकीट काढलंय का?"

"नसेना का. वाटेत आहे ना."

"अहो पण नदी त्या बाजूला आहे! या बाजूला काय आहे?"

"या बाजूला बेकरी आहे. सासरी जाऊन येऊ दे की त्याला. नवा जावई आहे."

टाचणीताई हसल्या. मोठ्यांदा, अगदी खो खो. त्या अशा हसतात हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी हात खाली घेतला. परत वर आले तर दारात जुळ्या उभ्या. माझ्या पाळीला त्या मासे पकडायला येतात.

"मशीन आलं?"

"नाही अजून."

"का?"

"बस उशिरा धावतेय."

त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग दोघी माझ्या दाराबाहेर पायरीवर बसल्या आणि मधे मला जागा केली. खालून पुन्हा ते हसणं आलं आणि त्याच्या मागून स्टेपनीचं, जरा बिचकत, पण येत होतं. आम्ही तिघी ऐकत बसलो.